गच्चीवरून दिसणारे डोंगर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले असून बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सचिव परवा घरी आले आणि म्हणाले, "सर, नगरच्या आसपास फिरण्यासारखं काय आहे, यावर वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, भूगोलाच्या मास्तराची वीस मिनिटं हजेरी घेण्यातच जातात. तरी प्रयत्न करतो. घड्याळ समोर ठेवलंय. चहाची किटली आली की मला खूण करा.

आपल्याकडे पाहुणे आले की काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या दिवशी शिर्डी, दुसऱ्या दिवशी शिंगणापूर. तिसऱ्या दिवशी पाहुणे विचारतात, "आणखी काय आहे नगरला?" मग आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "काही नाही हो, नगरला आहे काय!" हे वाक्य मी या सोसायटीत पंचवीस वर्षं ऐकतो आहे. आता तर ते आपली मुलंही म्हणायला लागली. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण हे वाक्य काही बदललं नाही.

म्हणून आज मी लांबचं फारसं सांगणार नाही. कळसूबाई आपल्याच जिल्ह्यात आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगड, भंडारदरा, रतनवाडी हेही आपलंच. पण आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यात जायचं म्हणजे मुक्कामाची तयारी करावी लागते. तिथे आपण वर्षातून एकदा जातो, फोटो काढतो आणि उरलेले अकरा महिने टीव्हीसमोर बसतो. मला बोलायचं आहे ते आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरांबद्दल. रविवारी सकाळी सहाला निघून जेवायला घरी परत येता येतं, तेवढ्यावरचे डोंगर.

उद्या सकाळी मुलांनी एक करायचं. गच्चीवर जाऊन पूर्वेला तोंड करून उभं राहायचं. लांब एक सपाट माथ्याचा डोंगर दिसेल आणि त्यावर बुटक्या बुरुजासारखी एक इमारत. तो शाह डोंगर आणि ती इमारत म्हणजे आपला चांदबीबी महाल. नंतर मान हळूहळू डावीकडे वळवत आणायची. संभाजीनगरच्या रस्त्यावर शेंडी, जेऊर, पुढे इमामपूरचा घाट. आणखी डावीकडे, उत्तरेला, गोरक्षनाथ गड, मांजरसुंबा आणि त्यांच्या पोटात लपलेलं डोंगरगण.

ही जी डोंगरांची ओळ आहे, ती दोन खोऱ्यांमधली भिंत आहे. घाटमाथ्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला पडलेला पाऊस सीना नदीत जातो, सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. पलीकडे, वांबोरीच्या बाजूला पडलेला पाऊस जातो गोदावरीत. एकाच ढगातले दोन थेंब हातभर अंतरावर पडतात आणि मग एक जातो पंढरपूरच्या चंद्रभागेच्या कुळात, तर दुसरा पैठणच्या गंगेत. पुढे आंध्रात दोन्ही नद्या शेजारी शेजारीच समुद्राला मिळतात, हा भाग वेगळा.

आता गंमत बघा. आपल्या नळाला पाणी येतं ते मुळा धरणाचं. मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या डोंगरातून निघते आणि गोदावरीच्या खोऱ्यातली आहे. ते पाणी पंपाने वर चढवून विळदवरून आपल्या वसंत टेकडीला येतं. आपण त्यानं आंघोळ करतो आणि सांडपाणी सोडतो ते सीनेकडे. म्हणजे नगरकर आंघोळ गोदावरीची करतात आणि पाणी भीमेला देतात! पंप बंद पडला की आपल्याकडे टँकर का येतो, त्याचं उत्तर त्या गच्चीवरून दिसणाऱ्या भिंतीत आहे. पाणी आपल्याकडे आपण होऊन येत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १४९० साली मलिक अहमदने हे शहर वसवलं तेव्हापासूनचा आहे. निजामशाहीत कापूरवाडी, शहापूर, भिंगार अशा ठिकाणांहून जमिनीखालून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात बागा फुलवल्या. फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा होता. तो १५८३ मध्ये पुरा करवून घेणारा दिवाण म्हणजे सलाबतखान. आणि गच्चीवरून दिसणारी ती इमारत याच सलाबतखानाची कबर आहे. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. १५९५-९६ च्या मोगली वेढ्यात भुईकोट किल्ला लढवणारी ती राणी लोकांच्या मनात इतकी बसली, की लोकांनी शहरावरून दिसणारी सर्वांत उंच इमारत तिच्या नावावर करून टाकली. मला यात काही चूक वाटत नाही. फक्त मुलांना दोन्ही नावं माहीत असावीत.

तर पहिलं ठिकाण हे. शहरापासून तेरा-चौदा किलोमीटर, पाथर्डी रस्त्याने. गाडी थेट वर जाते, पण माझं ऐका, गाडी खाली लावा आणि चढून जा. डोंगर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून जास्त उंच आहे, पण आपलं शहरच साडेसहाशे मीटरवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ अडीचशे-पावणेतीनशे मीटरचाच. सत्तरीतला माणूस दोनदा बसून चढतो, हे मी स्वतःवरून सांगतो. वर अष्टकोनी इमारत आहे, तीन मजल्यांची, दगडी, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. कमानीत बसायचं. वारा असा येतो की डब्याचं झाकण उडतं. तिथून शहराकडे बघितलं की मुलं आधी आपली शाळा शोधतात, मग किल्ला आणि शेवटी आपलं घर.

दुसरं ठिकाण पिंपळगाव माळवीचा तलाव. एके काळी शहराला पाणी इथून येई. हिवाळ्यात पहाटे जा, काठावर गप्प बसा. पाणपक्षी असतात. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालतं. अट एकच, गप्प बसायचं. (हशा) हसू नका, आपल्या सोसायटीला ते सर्वांत अवघड आहे.

तिथूनच पुढे मांजरसुंबा आणि गोरक्षनाथ गड. नाथांची ठाणी आपल्या डोंगरांत ठिकठिकाणी आहेत: इथे गोरक्षनाथ, मढीला कानिफनाथ, पलीकडे वृद्धेश्वर. मांजरसुंब्याचा किल्ला छोटा आहे, पण कातळातलं टाकं आणि वरच्या पडक्या वाड्यापर्यंत पाणी चढवण्याची सोय बघितली की पुन्हा तेच कळतं. इथे ज्यानं ज्यानं काही बांधलं, त्यानं आधी पाण्याचा विचार केला.

आणि मग डोंगरगण. इंग्रज अधिकारी या दरीला हॅपी व्हॅली म्हणत. वरून माळ दिसतो, काही आहे असं वाटतच नाही. पायऱ्या उतरून खाली गेलं की एकदम गारवा, मोठमोठी झाडं, रामेश्वराचं देऊळ आणि पावसाळ्यात धबधबा. श्रावणात गर्दी असते. नगरसारख्या कोरड्या मुलखात अशी जागा आहे, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

या डोंगरगणबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, सोसायटी झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मी मुलांची रविवारची सहल सुरू केली. महिन्यातून एकदा. सोबत पाण्याची बाटली, भेळेचं सामान, कुणाच्या घरची पिठलं-भाकरी. अकरा वर्षं चालली. आणि मग बंद झाली. का बंद झाली, हे मी कधी जाहीरपणे सांगितलं नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं होतं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं.

श्रावणातला रविवार होता. एकोणीस मुलं आणि आम्ही चार मोठी माणसं. सकाळी ऊन पडलेलं, धबधबा बेताचा. मुलं म्हणाली, पाण्यात उतरू का? मी म्हटलं, गुडघाभर पाण्यात उतरा. शेळ्या राखणारे एक आजोबा वरून ओरडून सांगत होते, "ओ सायेब, पोरं वर घ्या. माळावर लय पाऊस झालाय रातच्याला." मी आकाशाकडे बघितलं. निळं होतं. मी हात हलवला आणि म्हटलं, पाच मिनिटांत घेतो.

भूगोल शिकवणारा माणूस मी. पाणलोट क्षेत्र, ओढ्याचा उतार, हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. धबधब्याचं पाणी डोक्यावरच्या ढगातून येत नाही, मागच्या चार-पाच किलोमीटरच्या माळावरून येतं, हे मला माहीत होतं. तरीही मी आकाशाकडे बघून निर्णय घेतला.

आधी पाण्याचा रंग बदलला. स्वच्छ होतं ते मातकट झालं. मग वरून पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या. मग आवाज बदलला, घरघर यायला लागली. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. आम्ही ओरडलो, मुलं बाहेर पळाली, पण एक अकरा वर्षांचा मुलगा पलीकडच्या खडकावर राहिला. मधून पाणी. त्यानं उडी मारली, पाय घसरला. ते आजोबा कधी खाली उतरले ते मला कळलं नाही. त्यांनी काठी पुढे केली, मुलानं ती धरली, आणि त्यांनी त्याला कपाऱ्याला ओढून घेतला. हात मोडला होता. एवढ्यावर निभावलं.

आजोबा मला काहीच बोलले नाहीत. आपली एक शेळी भरकटली होती, तिच्यामागे निघून गेले. त्या मुलाच्या आईनेही मला कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट हाताचं प्लास्टर निघाल्यावर वहिनी पेढे घेऊन आल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. पुढच्या महिन्यात मुलं दारात आली, "काका, या वेळी कुठे?" मी म्हटलं, गुडघे दुखतात.

बारा वर्षं झाली. तो मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत भेटायला आला. फराळ झाला, आणि जाता जाता चपला घालताना म्हणाला, "काका, एक विचारू? सहली माझ्यामुळे बंद झाल्या ना? मी त्या खडकावर गेलो म्हणून? बाकीची पोरं मला खूप दिवस तसं म्हणायची."

मला काय बोलावं कळेना. चूक माझी होती हे मी बारा वर्षं मनात धरून बसलो होतो, आणि तेवढीच वर्षं हा पोरगा ती स्वतःची समजत होता. मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्याचा भार त्याच्यावर पडला. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो, तो मुलगाही इथे बसला आहे: चूक माझी होती. त्याची नव्हती, डोंगरगणची नव्हती आणि पावसाचीही नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डोंगरगणला गेलो. पाणी बारीक झालं होतं. त्या आजोबांची गावात चौकशी केली, ते आता नाहीत असं कळलं. आम्ही देवळात बसलो, भेळ खाल्ली आणि परत आलो. येताना तो म्हणाला, "काका, आता सोसायटीतल्या पोरांना मी घेऊन जातो. तुम्ही फक्त सोबत या." आजच्या भाषणाचं खरं कारण ते आहे. सचिवांना वाटतं त्यांनी मला बोलावलं. खरं म्हणजे मीच त्यांना सुचवलं होतं. (हशा, टाळ्या)

आता थोडं पुढचं सांगतो, घाईने.

जरा लांब, पण एका दिवसात होणारी ठिकाणं. पारनेर तालुक्यात निघोज. कुकडी नदीच्या पात्रातल्या काळ्या कातळात रांजणखळगे आहेत. वाहत्या पाण्यात दगडगोटे भोवऱ्यासारखे फिरत राहिले आणि त्यांनी हजारो वर्षांत कातळ कोरून रांजणासारखे खोल खड्डे केले. काठावर मळगंगेचं देऊळ. बघायला सुंदर, पण खळगे खोल आहेत. लहान मुलांचा हात सोडायचा नाही, आणि नदीला पाणी असताना जायचंच नाही. त्याच तालुक्यात टाकळी ढोकेश्वरचं कोरीव लेणं आणि वडगाव दर्याची कपार, जिथे छताला लवणस्तंभ लोंबतात.

कर्जत तालुक्यात रेहेकुरी. काळवीट अभयारण्य, १९८० मध्ये जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या गावच्या शिवाराएवढंही नाही. पण तिथे काळवीट उड्या मारत जाताना बघितलं की पोरं मोबाइल विसरतात. रेहेकुरी मी मुद्दाम सांगतो, कारण तिथे घनदाट जंगल नाही. गवताचा माळ आहे, मधून हिवर, बाभळी, बोरी. आपण ज्याला "ओसाड", "पडीक" म्हणतो, तेच काळविटाचं घर आहे. चंडोल जमिनीवर घरटं करतो तोही याच माळावर. खोकड, लांडगा, तित्तर, लावा, सगळे माळाचे रहिवासी. माळढोकासाठी सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून १९७९ मध्ये अभयारण्य केलं होतं. आज तो पक्षी इथे दिसणं जवळजवळ संपलं. नगरला काही नाही असं म्हणताना आपण या माळाला मोजतच नाही. सप्टेंबरात एकदा माळावर चालून बघा, पायाशी किती रानफुलं असतात. नोव्हेंबरात गेलात तर मोज्यांना कुसळं चिकटतील, तीही माळाचीच भेट समजा.

आणि सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार. नव्वदच्या दशकात त्या गावानं ठरवलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, डोंगरावर समतल चर खणायचे आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून मगच पीक ठरवायचं. पोपटराव पवारांना त्या कामासाठी २०२० चं पद्मश्री जाहीर झालं. तिथला डोंगर आणि आपल्याकडचा डोंगर यांच्यावर पडणारा पाऊस सारखाच. मुलांना दोन्ही दाखवा. सांगावं काही लागत नाही.

आता नियम. बारा वर्षांपूर्वी मी ते केले नव्हते, आता लिहून आणलेत.

एक. ज्या गावात जाऊ, तिथल्या माणसाला आधी विचारायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं. आपण शिकलेले असलो तरी.

दोन. जून ते सप्टेंबर वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही. पाणी मातकट झालं, पाचोळा आला किंवा आवाज बदलला, की काहीही हातात न घेता काठावर चढायचं. खाली नाही, बाजूला आणि वर.

तीन. मुलांच्या जोड्या. प्रत्येकानं आपला जोडीदार सांभाळायचा. दर अर्ध्या तासाला मोजणी.

चार. दिवेलागणीच्या आत परत. आपल्या भागात बिबट्या आहे, उसाच्या कडेने तर असतोच. त्याला घाबरून घरी बसायचं कारण नाही, पण अंधारात पोरांना मोकळं सोडायचं नाही.

पाच. नेलेला कचरा परत आणायचा. स्पीकर न्यायचा नाही. महालाच्या भिंतीवर कुणाचंही नाव लिहायचं नाही, स्वतःचंही नाही आणि दुसऱ्या कुणाचंही नाही. (हशा)

सहा. काही चुकलं, तर परत आल्यावर त्याच दिवशी सगळ्यांनी बसून बोलायचं. हा नियम मोठ्यांसाठी आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या सोसायटीतली मुलं अठरा वर्षांची झाली की पुण्याला जातात, तिथून बंगळूरला, काही अमेरिकेत. जाऊ देत, जायलाच पाहिजे. पण तिथे कुणी विचारलं, "तुमचं गाव कसं आहे?" तर "काही नाही हो" असं त्यांनी म्हणू नये. आमच्या गच्चीवरून एक डोंगर दिसतो आणि त्यावर मी चढलोय, एवढं तरी त्यांना सांगता यावं. त्यासाठी आपल्या हातात त्यांची दहा-बारा वर्षं असतात. त्यातली बारा माझ्यामुळे वाया गेली. जी मुलं तेव्हा लहान होती ती आता मोठी झाली, त्यांना मी हे दाखवू शकलो नाही. त्यांची क्षमा मागतो.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता फाटकाजवळ जमायचं. चांदबीबी महाल, पायी चढून. पाण्याची बाटली, टोपी, पायात बूट, चप्पल नको. आठ वर्षांखालच्या मुलांसोबत आई किंवा वडील हवेत. आजी-आजोबांनीही यावं, खाली झाडाखाली बसायला जागा आहे आणि डबे सांभाळायला कुणीतरी लागतंच. नावं माझ्याकडे नाही, त्या पुण्याच्या मुलाकडे द्यायची. तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावी येणार आहे. त्याच्या आईची परवानगी त्याने आधीच घेतली आहे, मी घेतली नव्हती.

चहाची किटली आलेली दिसते. थांबतो.